नोंद नसलेली म्हैस

युद्धातल्या विचित्र गाड्या, जहाजं आणि हत्यारं यांचं मला वेड आहे. हे ऐकलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे, जणू त्या बिचाऱ्यानंच मला घरात काही त्रास दिलाय. तसं काही नाही. शूरवीरांच्या गोष्टी मला फारशा भावत नाहीत, तलवार बघून माझी छाती वगैरे फुगत नाही. मला आवडतात ती खटपटी माणसं. वाटीसारखी गोल युद्धनौका बांधणारे ते रशियन, ज्यांची नौका तोफ उडवली की जागच्या जागी गिरकी घ्यायची म्हणे. बर्फात लाकडाचा लगदा कालवून त्याचं जहाज करायला निघालेले इंग्रज. स्कूटरवर तोफ बसवणारे फ्रेंच. आणि ते डच खलाशी तर माझे लाडके. त्यांनी आख्खं जहाज झाडांच्या फांद्यांनी झाकलं, दिवसा बेट होऊन किनाऱ्याजवळ गप उभे राहिले, अंधार पडला की पुढे सरकले आणि शत्रूच्या नाकासमोरून निसटले. आता सांगा, यात न आवडण्यासारखं काय आहे?

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते अशा एका माणसाच्या बाबतीत केलं, जो माझ्या या यादीत सगळ्यात वर असायला हवा होता. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

वेड लागलं ते लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना. लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आले, मग मलाही केंद्र सरकारात नोकरी लागली. रविवारी आम्ही दोघं दर्यागंजच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं बघायला जायचो. नवरा व्याकरणाची पुस्तकं शोधायचा, आणि मला एकदा पाणबुड्यांचं एक फाटकं सचित्र पुस्तक मिळालं. झालं. तेव्हापासून जे काही तिरपागडं दिसेल ते कापून वहीत चिकटवायचं, असं सुरू झालं. पुढे आर. के. पुरमला मोठं क्वार्टर मिळालं तेव्हा वह्याही वाढल्या होत्या. नवरा त्यांना ‘तुझं संरक्षण मंत्रालय’ म्हणायचा.

माझं खातं कुठलं ते सांगत नाही. फौजेची जुनी कागदपत्रं जिथे येऊन पडतात असं एक, एवढं पुरे. एका वर्षी वरून स्वच्छता मोहिमेचा हुकूम आला. कपाटं रिकामी करा, व्हरांडे मोकळे करा आणि किती फायली नष्ट केल्या त्याचा आकडा रोज पाठवा. आमच्याकडे याला वीडिंग म्हणतात, तण उपटण्यासारखं. जुनी फाइल उघडायची, तिची मुदत संपली का बघायचं, संपली असेल तर यादीत चढवायची, यादीच्या प्रत्येक पानाखाली सही करायची आणि पोतं कापायच्या यंत्राकडे रवाना करायचं. उघडून बघायची, असं नियमात आहे. पण रोज आकडा मागतात म्हटल्यावर कोण उघडतंय! मी उघडायचे. मला आपला त्या वह्यांचा सोस.

अशीच एक पातळ फाइल हातात आली. चार-पाच कागद आणि एक फोटो. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या लढाईत एका फौजी वर्कशॉपनं बनवलेल्या गाडीचा अहवाल होता. खाडीकाठच्या चिखलात ट्रक रुतत होते, खेचरं रुतत होती. तर या लोकांनी एका मोडक्या ट्रकची चाकं काढली, त्या जागी तेलाची मोठाली रिकामी पिंपं बसवली आणि पिंपांवर लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या. चिखलात गाडी चालायची, पाणी आलं की तरंगायची. जवान तिला म्हैस म्हणायचे. अहवालात शेवटी लिहिलं होतं की जखमी सैनिकांना आणायला तिच्या दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या वेळी पुढचा आस तुटला, ब्रेक भरवशाचे नाहीत, सबब नमुना मोडीत काढावा. फोटोत ती पिंपगाडी अर्धी चिखलात होती आणि तिच्यावर एक तरुण पोरगा वेल्डिंगचा मुखवटा हातात धरून उभा होता, तोंड भरून हसत.

मी खुर्चीतच उडाले. सगळ्या जगातल्या विचित्र गाड्या गोळा करत बसले होते, आणि ही आपली, घरची! अशा फाइलला ऐतिहासिक महत्त्व आहे का, असं अभिलेखागाराला विचारता येतं. त्यासाठी एक पत्र लिहावं लागतं, उत्तराची वाट बघावी लागते आणि तोवर फाइल तुमच्या नावावर पडून राहते. त्या दिवशीचा आकडा अठरानं कमी पडत होता. वरच्या साहेबांचे दोनदा फोन येऊन गेले होते. मी फोटो फाइलच्या टॅगच्या दोरीतून काढला, पर्समध्ये टाकला आणि फाइल यादीत चढवली. खाली सही केली. नीट, पूर्ण सही.

सरकारी फाइलमधला कागद घरी आणणं म्हणजे चोरी, हे मला ठाऊक होतं. पण तेव्हा माझ्या मनात आलं, नाहीतरी कापलाच जाणार होता, मी वाचवला. संध्याकाळी नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, ‘‘अगं, हा तर गच्चीवरच्या टाक्या घेऊन पळालेला प्लंबर!’’ आम्ही खूप हसलो. फोटो वहीत गेला.

साधारण दीड वर्षानं माझ्या टेबलावर एक अर्ज आला. तोवर आरटीआयच्या अर्जांना उत्तरं देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. अर्ज रेघांच्या कागदावर, निळ्या शाईनं, हिंदीत लिहिलेला. अक्षर दाबून काढलेलं. लिहिणारे द्वारकेला राहणारे निवृत्त गृहस्थ होते. मी अमुक वर्कशॉपमध्ये वेल्डर होतो, आम्ही लढाईच्या वेळी पिंपांच्या चाकांची एक गाडी बनवली होती, तिचा एखादा कागद किंवा फोटो असल्यास प्रत मिळावी. आणि शेवटी एक ओळ होती, जी असल्या अर्जात लिहायची काहीएक गरज नसते: ‘मेरे बच्चे मानते नहीं हैं।’

खोटं कशाला बोलू, पहिला विचार त्या माणसाचा नव्हता, माझा होता. खरं उत्तर असं होतं की अशी फाइल होती, ती अमुक तारखेला नष्ट केली. पण हे लिहिलं की माणूस अपील करतो. कुणी नष्ट केली, कुठल्या नियमाखाली, यादी दाखवा, यादीखालची सही दाखवा. मग कुणीतरी विचारणार, खात्याच्या नोंदवहीत या फाइलसमोर फोटो एक असं लिहिलंय, तो कुठाय? निवृत्तीला चार वर्षं उरली होती. सगळं माझ्याच अंगाशी आलं असतं.

यावर आमच्या नोकरीत एक वाक्य तयार असतं. ते खोटं नसतं. आम्ही लोक खोटं लिहीतच नाही, तेवढी अक्कल पहिल्या पाच वर्षांत येते. मी लिहिलं: ‘उपलब्ध अभिलेखों में ऐसे किसी वाहन का कोई विवरण नहीं पाया गया।’ उपलब्ध अभिलेख. जे मी स्वतः कापायला पाठवलं ते उपलब्ध नव्हतंच. वाक्य कसं अगदी चिरेबंद! शिक्का मारला, सही केली, पत्र टपालात गेलं. महिनाभर रोजचं टपाल आधी मीच उघडून बघत होते, पण अपील काही आलं नाही. हुश्श केलं. आज त्या हुश्शची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्या दिवशी घरी आल्यावर मी फोटो वहीतून काढून कपाटातल्या साड्यांखाली ठेवला. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? सांगितलं. तो म्हणाला, ‘‘बिचाऱ्याला पाठवून दे ना यार, बिननावाचं पाकीट कर आणि टाक पोस्टात.’’ मी म्हटलं, ‘‘हो, आणि तो तेच पाकीट घेऊन ऑफिसात आला म्हणजे?’’ पाठवलं नाही. आज पाठवू, उद्या पाठवू, असं करता करता ते भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं.

निवृत्त झाल्यावर आम्हीही द्वारकेला आलो. तो अर्ज द्वारकेचा होता हे माझ्या लक्षात होतं, पण द्वारका काय लहान आहे? सेक्टरांवर सेक्टर आणि सोसायट्यांवर सोसायट्या. आमच्या आसपासच्या चार-पाच सोसायट्यांतली मराठी मंडळी महिन्यातून एका रविवारी क्लबहाउसमध्ये जमतात. कुणी गाणी म्हणतं, कुणी प्रवासवर्णन सांगतं, शेवटी चहा आणि बटाटेवडे. मला म्हणाले, मॅडम, तुमच्या त्या युद्धाच्या गमतीजमती होऊन जाऊ द्या. मी काय, टपूनच बसले होते.

कार्यक्रम छान रंगला. गोल नौका, बर्फाचं जहाज, स्कूटरवरची तोफ, उंटाच्या पाठीवरची जंबुरक तोफ, सगळं पडद्यावर दाखवलं. इंग्रजांचं ते रॉकेट लावलेलं अगडबंब चाक, जे शत्रूकडे जायच्याऐवजी फिरून बघायला आलेल्या साहेबांच्याच अंगावर धावलं, त्याला तर लोक पोट धरून हसले. म्हैस मी दाखवली नाही. शेवटी, काही प्रश्न असतील तर विचारा, म्हटलं. मागच्या रांगेतून एक उंच, वाळकेसे म्हातारे गृहस्थ उभे राहिले. करड्या स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

‘‘मॅडम, पिंपाच्या चाकांची गाडी तुमच्याकडं आहे का? आम्ही बनवली होती. म्हैस म्हणायचे तिला.’’

त्यांच्या शेजारची बाई त्यांचा हात धरून खाली बसवायला लागली. ‘‘बाबा, प्लीज. सगळ्यांसमोर नको ना.’’

चाळीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. मी फक्त ‘हो, ऐकलंय’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तेवढ्यानं कुठलाही नियम मोडत नव्हता. आता तर मी निवृत्तही झाले होते, माझं कोण काय वाकडं करणार होतं? पण ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, कुठं ऐकलं. मी हसून म्हटलं, ‘‘नाही बाई, पिंपांची गाडी काही माझ्या वाचनात आली नाही. पण आपल्या द्वारकेत पाण्याचे टँकर असतात, त्यांना म्हणू या हवं तर म्हैस!’’ सगळे हसले. तेही हसले, उशिरा, बाकीच्यांकडे बघून. मग बसले.

चहाच्या वेळी ती बाई माझ्याकडे आली. त्यांची मुलगी. पंचेचाळिशीची असेल, गुडगावला एका कंपनीत कामाला. बाप फौजेत, त्यामुळे छावण्यांमध्ये वाढलेली, मराठीत हिंदी मिसळून बोलायची. म्हणाली, ‘‘सॉरी हं काकू. लहानपणापासून आम्ही ही स्टोरी ऐकतोय. भाई तर आता फोनवर म्हैस आली की फोन ठेवून देतो. बाबांनी सरकारला पण लिहिलं होतं. तिथून साफ उत्तर आलं की असं काही नव्हतंच. तरी ऐकत नाहीत. आता तर वर्कशॉपमध्ये जायचंय म्हणून चपला घालून दारात उभे राहतात. डॉक्टर म्हणतात, विसरायला लागलेत. मी काय करू? तुम्ही एवढं वाचलंय, तुम्ही सांगा.’’

आणि मी सांगितलं. हातात बटाटेवड्याची डिश होती, हे सुद्धा आठवतं. मी म्हटलं, ‘‘सरकारी पत्र आहे ना तुमच्याकडे? तेच दाखवत जा त्यांना. फौजी माणूस आहे, लेखी कागद मानेल.’’

का म्हटलं? कितीदा तरी स्वतःला विचारून झालंय. बहुतेक मला ते पत्र खरं ठरलेलं हवं होतं. तिनं मानलं, त्यांनी मानलं, की मग मीही मानायला मोकळी. तिला मात्र बरं वाटलं. ‘‘बिल्कुल, काकू. हे माझ्या डोक्यातच आलं नाही,’’ म्हणाली.

त्यानंतर सकाळच्या फिरण्यात ते मला भेटायला लागले. दोन सोसायट्यांच्या मधल्या बागेत एका बाकावर बसलेले असायचे. मी त्यांना काका म्हणू लागले. मूळचे नगरकडचे. मी शेजारी बसले की म्हैस सुरू व्हायची. पिंपं लंगरखान्यातून, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातून मिळाली, त्यांतल्या तेलाचा उग्र वास हाताला आठवडाभर यायचा. पट्ट्या आधी सरळ बसवल्या तर गाडी जागेवरच चिखल उडवत बसली, मग तिरक्या बसवल्या तेव्हा कुठं चालली. पहिल्या फेरीत सहा जखमी आणले, दुसऱ्या फेरीत पाच. त्यातला एकजण वाटेत सारखं पाणी मागत होता आणि हे त्याला म्हणत होते, थांब की लेका, पाण्यातनंच चाललोय. हे सांगताना काकांना इतकं हसू यायचं की खोकला लागायचा.

आणि मी काय करत होते? मी घरी येऊन ते सगळं वहीत लिहीत होते. निर्लज्जपणाची कमाल बघा. त्या तिरक्या पट्ट्यांचं तर अहवालातही नव्हतं, मला केवढा आनंद झाला! माणसाच्या तोंडचं एकेक काढून घेत होते आणि त्याला हवा असलेला एक कागद साड्यांखाली दाबून बसले होते. दोन फेऱ्या, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं होतं. ते म्हणायचे, ‘‘मॅडम, खरं सांगतोय हं मी,’’ आणि मी म्हणायचे, ‘‘हो का, काका? अच्छा!’’

नवरा एकदा भडकला. तो सहसा भडकत नाही. म्हणाला, ‘‘त्या माणसाचा मुलगा त्याचा फोन ठेवून देतो. आणि तू त्याच्याकडून नोट्स काढतेस? देणार आहेस की नाही तो फोटो?’’ मी म्हटलं, देणार आहे, पण नीट समजावून द्यावा लागेल, हिवाळा संपू दे, आत्ता हवा किती खराब आहे, काका बाहेर पडत नाहीत. हिवाळा संपला. मग मुलगी सुट्टीवर असताना देऊ, असं ठरवलं. मग माझा गुडघा दुखायला लागला, फिरणं बंद झालं. कारणांना काय तोटा? आयुष्यभर फायली टोलवल्यात मी.

गुडघा बरा होऊन मी पुन्हा बागेत गेले तेव्हा बाक रिकामा होता. दोन-तीन आठवड्यांनी एकदा ते दिसले, एका अटेंडंटबरोबर. मी शेजारी बसले. म्हैस आली नाही. ऊन बरं आहे म्हणाले, कबुतरं फार झालीत म्हणाले. मीच मुद्दाम विचारलं, ‘‘काका, पट्ट्या तिरक्या बसवल्यावर मग काय झालं?’’ त्यांनी माझ्याकडे जरा लाजून पाहिलं. ‘‘कुठल्या पट्ट्या?’’ म्हणाले, आणि मग, ‘‘जाऊ द्या मॅडम.’’

त्या दिवशी मी घरी येऊन साड्या बाहेर काढल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मुलगी घरी असणार. अकरा वाजता मी त्यांच्याकडे गेले. त्यांचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. मुलीनं दार उघडलं, ‘‘अरे वा काकू, या ना,’’ म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. काका बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. काय बोलायचं ते लिफ्टमध्ये घोकून ठेवलं होतं. मी नुसता फोटो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो लांब धरून पाहिला, मग जवळ आणून पाहिला. बोटानं पिंपावरून रेघ ओढली. त्यांचा चेहरा एवढासा हलला. मला वाटलं, आता.

‘‘छान आहे,’’ म्हणाले. ‘‘कॉम्प्युटरवर बनवलाय का?’’

‘‘नाही काका. खरा फोटो आहे. तुमची म्हैस आहे ही.’’

त्यांनी फोटो माझ्याकडे परत केला, अगदी हळुवारपणे, पाहुण्यानं आणलेली वस्तू आपल्याला नको असली की देतात तसा. ‘‘मॅडम, तुम्ही चांगल्या आहात. माझं ऐकून घ्यायच्या. पण मी पूर्वी काहीबाही सांगायचो लोकांना. तशी गाडी नव्हती. सरकारनं सगळी कपाटं शोधून बघितली, नाही सापडली.’’ आणि खुर्चीच्या बाजूला हात घालून त्यांनी एक कागद काढला. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतलेला. माझं पत्र. ‘‘हे बघा. लेखी आहे.’’

माझी सही खाली होती. चांगली ठसठशीत.

‘‘काका, ही सही माझी आहे,’’ मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की स्वयंपाकघरातला कपांचा आवाज थांबला. ‘‘हे पत्र मी लिहिलंय. फाइल होती. मी स्वतः वाचली होती, दोन फेऱ्या झाल्याचं लिहिलं होतं त्यात. ती फाइल मी नष्ट करायला दिली आणि हा फोटो चोरून घरी नेला. तुमचा अर्ज आला तेव्हा पकडली जाईन म्हणून हे लिहिलं. गाडी होती, काका. तुम्ही बनवली होती. मला माफ करा.’’

त्यांनी पत्राकडे पाहिलं, सहीवर अंगठा ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं.

‘‘तुमची सही आहे ही?’’

‘‘हो.’’

‘‘मग तुम्ही नीट बघूनच केली असणार की, मॅडम,’’ ते म्हणाले. मला धीर देत असल्यासारखे.

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी मान हलवली, माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि बाल्कनीतल्या कबुतरांकडे बघायला लागले. मुलगी कधी बाहेर येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिनं माझ्या हातातून फोटो घेतला. खिडकीपाशी नेऊन पाहिला.

‘‘हे बाबा आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘काकू, हे बाबाच आहेत.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

‘‘तुम्ही सांगितलं म्हणून मी रोज दाखवलं त्यांना हे लेटर. रोज संध्याकाळी. ते वर्कशॉपला निघाले की मी हात धरून बसवायचे आणि वाचून दाखवायचे. आधी आधी बाबा भांडायचे माझ्याशी. रडायचे. म्हणायचे, अगं मी स्वतः वेल्डिंग केलंय. मी म्हणायचे, बाबा, पढ़ो, काय लिहिलंय पढ़ो. एक वर्षाच्या वर केलं मी हे, काकू. मग एके दिवशी ते गप झाले. मला वाटलं, चला, शांत झाले.’’

ती खाली जमिनीवरच बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं. मी तिला हात लावायला गेले तर तिनं माझा हात झटकला, आणि बरोबरच केलं.

काकांनी वळून पाहिलं. मुलगी का रडतेय ते त्यांना कळेना. ते खुर्चीतून कसेबसे उठले, वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

‘‘रडू नको, बेटा,’’ ते म्हणाले. ‘‘मी आता त्या गाडीचं कुणालाच सांगत नाही ना.’’